कुत्र्या-मांजरांचे उपचार : बेळगाव परिसरात कोणाकडे जावे, काय विचारावे?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्याकडे तीन वर्षांची मुधोळ कुत्री आहे आणि गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली आसऱ्याला आलेला एक बोका आता घरचाच झाला आहे. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला येणारे बहुतेक श्वानपालक ओळखीचे आहेत, पण उपचारांचा विषय निघाला की दहा जणांची दहा मते ऐकायला मिळतात. म्हणून काही प्रश्न इथे मांडतो. ज्यांना अनुभव आहे किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सरकारी पशुचिकित्सालयात कुत्र्या-मांजरांवर उपचार होतात, की ते केवळ गाई-म्हशींसाठी असते? मोटारसायकलवरून घरी येऊन लस टोचणारे आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घेणारे अनेक जण आहेत. त्यांच्याकडून लस घ्यावी का? साध्या उलटी-जुलाबालाही रक्ततपासणी सांगितली जाते, ती खरोखर आवश्यक असते का? शेवटचा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझी पुतणी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे आणि तिला पशुवैद्य व्हायचे आहे. सीमाभागातल्या मुलांनी कर्नाटकात प्रयत्न करावा की महाराष्ट्रात?

निवृत्त पशुवैद्य

मी कर्नाटकच्या पशुसंगोपन खात्यातून निवृत्त झालो असून चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांत बरीच वर्षे काम केले आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाची पदवी घेऊन परिषदेच्या नोंदवहीत ज्याचे नाव दाखल झाले आहे, त्यालाच हा व्यवसाय करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पर्यवेक्षकांना राज्य शासन परवानगी देऊ शकते, परंतु ती लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी अशा प्राथमिक सेवांपुरती असते आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. त्यामुळे लस टोचायला आलेला प्रत्येक माणूस भोंदू असतो असे मी म्हणणार नाही. मात्र रोगाचे निदान करणे, प्रतिजैविके ठरवणे आणि विशेषतः ताप उतरावा म्हणून सरसकट स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे हे त्याचे काम नव्हे. स्टेरॉइडने कुत्रे संध्याकाळी उठून जेवते, मालक खूश होतो आणि मूळ आजार आत तसाच वाढत राहतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर विचारावा, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

लसीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती कारखान्यातून निघाल्यापासून टोचेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत तासभर राहिलेली लस दिसायला तशीच दिसते, टोचल्यावर दुखतेही तशीच, फक्त संरक्षण देत नाही. लस बर्फाच्या डब्यातून काढली का, हे पाहावे. बाटलीवरची चिठ्ठी कार्डावर चिकटवून घ्यावी आणि तिच्यावरील बॅच क्रमांक व मुदत वाचावी. खरेदी-विक्री करणाऱ्यांनी दिलेल्या पिल्लाच्या कार्डावर नुसत्या तारखा आणि सही असेल, तर त्या लसी झाल्याच नाहीत असे धरून डॉक्टरांशी बोलावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता सरकारी दवाखाना. तिथे कुत्रे-मांजर आणू नये असा नियम नाही. आणावे, जरूर आणावे. पण त्या व्यवस्थेची घडण पशुधनासाठी झालेली आहे. लाळ्या-खुरकुताची लसीकरण मोहीम वर्षातून दोनदा गोठ्यागोठ्यात जाऊन करायची असते, त्याखेरीज कृत्रिम रेतन, कानातल्या बारा अंकी बिल्ल्यांच्या नोंदी, विम्यासाठीचे शवविच्छेदन, अडलेल्या म्हशीची सुटका ही कामे असतात. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा खेड्यातल्या डॉक्टरांना दुसरे काही सुचत नव्हते. अशा ठिकाणी रेबीजची लस, जखमेची शिवण, जंतांचे औषध, सलाईन हे मिळू शकते. क्ष-किरण, सोनोग्राफी, भूल देऊन मोठी शस्त्रक्रिया यांसाठी मात्र शहरातला लहान प्राण्यांचा दवाखाना गाठावा लागतो. गोठ्यातले जनावर अडले असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पथक येते. हा क्रमांक कर्नाटकात चालतो, तसाच महाराष्ट्रातही.

निपाणीकर

डॉक्टरसाहेबांनी सरकारी दवाखान्याची बाजू नीट सांगितली, पण खासगी दवाखान्यांविषयीही कोणीतरी बोलले पाहिजे. आमच्या कुत्र्याला रात्री अकराच्या सुमारास फेफरे आले तेव्हा ज्या डॉक्टरांकडे आम्ही पहिल्यापासून जातो त्यांचा फोन बंद होता, आणि शेवटी आम्ही महामार्गाने कोल्हापूरला गेलो. दिवसा तपासणी शुल्क घेताना जी तत्परता दिसते ती रात्री का दिसत नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

निवृत्त पशुवैद्य

आपला संताप मला समजतो. परंतु तालुक्याच्या गावी लहान प्राण्यांचा दवाखाना बहुधा एकाच माणसाच्या बळावर चालतो. पाळीतले डॉक्टर नसतात, रात्रीची परिचारिका नसते, आणि सकाळी नऊ वाजता पुन्हा तोच माणूस टेबलाशी उभा असतो. म्हणून कुत्रे धडधाकट असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावे की रात्री काही झाले तर कोणाकडे न्यायचे. निपाणीहून कोल्हापूर, खानापूरहून बेळगाव, अथणीहून मिरज-सांगली असा ज्याचा त्याचा रस्ता आधी ठरलेला असावा. आणि फेफरे पाच मिनिटांहून अधिक चालले किंवा एकामागून एक येऊ लागले तर फोनची वाट न पाहता निघावे. तोंडात हात किंवा चमचा घालू नये. कुत्रे जीभ गिळत नाही, आपल्या बोटांना मात्र चावते.

खर्चाविषयीही लिहितो, कारण धागाकर्त्यांनी रक्ततपासणीचा प्रश्न विचारला होता. माणसांच्या सरकारी रुग्णालयात खर्चाचा मोठा वाटा शासन उचलते, त्यामुळे तपासणीचा खरा खर्च आपल्याला दिसत नाही. प्राण्यांच्या खासगी दवाखान्यात तो पूर्ण आपल्याच हातात पडतो. तरीही प्रत्येक उलटीला रक्त तपासावे असे नाही. मोठे कुत्रे एकदाच ओकले, त्यानंतर पाणी पिते आहे, शेपटी हलवते आहे, तर एक वेळचे जेवण चुकवून वाट पाहता येते. पण चार महिन्यांचे, लसी अपुऱ्या असलेले पिल्लू ओकत असेल आणि जुलाबात रक्त असेल, तर ते पार्वो, म्हणजे आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकते आणि त्यात काही तासांचाही फरक पडतो. पिल्लाला लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा का द्यावी लागते, हेही इथेच सांगतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करते, आणि ती कोणत्या आठवड्यात ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत लसीची मालिका पूर्ण करायची. एक टोचले आणि झाले, असे समजून पिल्लाला रस्त्यावर फिरवणारेच पार्वो घेऊन येतात.

खानापूरची शिक्षिका

आमच्या भागात दुसराच छळ आहे, तो गोचिडांचा. आमचे घर जांभ्या दगडाचे जुने आहे, शेजारी गोठा आहे, आणि पावसाळा सरला की कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड दिसू लागतात. गोठ्यात मारायचे औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. हे सुरक्षित आहे का? घरात मांजरीही आहेत. शिवाय एका ओळखीच्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आले आणि ते चार दिवसांत गेले, त्याचाही संबंध गोचिडांशी होता असे सांगितले गेले. तेही कृपया स्पष्ट करावे.

निवृत्त पशुवैद्य

ताई, नाकातून रक्त येणे हे बहुतेक वेळा गोचीड-तापाचे उशिराचे लक्षण असते. कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन प्रकारचे जंतू पोहोचवतो. पहिल्यात रक्त गोठवणाऱ्या बिंबाणू पेशी घटतात, दुसऱ्यात तांबड्या पेशीच फुटतात. सुरुवातीला कुत्रे फक्त सुस्त होते, जेवणाला तोंड लावत नाही, थोडा ताप असतो. म्हणून लोक आठवडाभर वाट पाहतात. दोन्हींची औषधे वेगळी आहेत आणि कोणते द्यायचे हे रक्ताचा नमुना पाहिल्याखेरीज ठरत नाही, तेव्हा इथे रक्ततपासणीला काटछाट करू नये. एर्लिकियासाठी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण तीन ते चार आठवडे द्याव्या लागतात. पाचव्या दिवशी कुत्रे उड्या मारू लागले म्हणून गोळ्या थांबवणारे मालक मी खूप पाहिले, आणि त्यांतली बरीच कुत्री पुन्हा टेबलावर आली.

गोठ्यातल्या औषधाबद्दल माझे उत्तर नाही असेच आहे. त्या द्रावणांचे प्रमाण म्हशीच्या कातडीसाठी ठरवलेले असते. कुत्रे अंग चाटते आणि मांजर तर दिवसभर चाटतच असते. कुत्र्यांसाठी मानेवर सोडायची जी परमेथ्रिनयुक्त औषधे मिळतात, ती मांजराच्या जिवावर उठतात. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत, अंग थरथरू लागते, झटके येतात. औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर बिलगून झोपले तरी त्रास होऊ शकतो. त्यामुळे दोन्ही प्राणी असलेल्या घराने औषध घेतानाच 'घरात मांजर आहे' हे सांगितले पाहिजे.

तुमच्या भिंतीविषयी मात्र विशेष लिहावेसे वाटते. हा गोचीड रक्त पिऊन फुगला की कुत्र्यावरून उतरतो आणि भिंत चढून फटीत जातो. तिथे एकेक मादी हजारो अंडी घालते. सायंकाळी बॅटरी घेऊन कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेमागची भिंत गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत पाहिली, तर जांभ्याच्या भोकांत मोहरीच्या दाण्यांएवढी पिल्ले रांगेने बसलेली दिसतील. ती भोके चुन्याने किंवा सिमेंटने बुजवल्याशिवाय कुत्र्यावर कितीही औषध घातले तरी महिन्याभरात गोचीड परततात. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल, काडी, हळदीचा लेप यांच्या नादी लागू नये.

औषध दुकानदार, शहापूर

याला जोडून आमच्या काउंटरवरचा अनुभव सांगतो. 'मांजराला ताप आहे, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या,' असे सांगणारे लोक आजही येतात. मांजराला ती अर्धी गोळीही प्राणघातक ठरू शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते, श्वास लागतो. कुत्र्याला आयब्युप्रोफेनने पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मुलांच्या सर्दीचे सरबत, गुडघेदुखीच्या गोळ्या यांतले काहीही चिठ्ठीशिवाय प्राण्याला देऊ नये. आम्ही नकार दिला की ग्राहक पुढच्या मेडिकलात जातो, हे ठाऊक असूनही आम्ही नकार देतो.

टिळकवाडीकर

माहिती अतिशय उपयुक्त आहे. आमच्या कुत्रीचे निर्बीजीकरणाचे ऑपरेशन करून घ्यावे असे डॉक्टरांनी सुचवले आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे की एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर तिचे आरोग्य बिघडते. मुधोळ कुत्र्यांना भूल सोसत नाही असेही ऐकले आहे. यात तथ्य किती?

निवृत्त पशुवैद्य

एकदा तरी विण्याने आरोग्य सुधारते याला वैद्यकीय आधार नाही. उलट, न विणाऱ्या आणि शस्त्रक्रियाही न झालेल्या कुत्रीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढत जातो. माज ओसरल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री एकाएकी भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागली, जेवण सुटले, पोट फुगले, मागून घाण स्राव येऊ लागला किंवा स्राव काहीच न येता ती मलूल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तरुण, निरोगी कुत्रीवर ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि पू भरलेल्या, ताप असलेल्या कुत्रीवर घाईने केलेली शस्त्रक्रिया यांत धोक्याचाही फार फरक आहे आणि खर्चाचाही. लहान वयात अंडाशयांसह गर्भाशय काढल्यास स्तनांच्या गाठींचे प्रमाणही पुष्कळ घटते.

भुलीबद्दल आपण ऐकले त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मुधोळ हा नजरेने शिकार हेरून धावणारा कुत्रा आहे. अंगावर चरबी नाममात्र असते. थायोपेंटोनसारखी भूल चरबीत मुरून उतरते, त्यामुळे या जातीच्या कुत्र्यांना तिच्यातून बाहेर यायला फार वेळ लागतो. यावर उपाय म्हणजे दुसरी औषधे किंवा वायूची भूल वापरणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अंग गरम ठेवणे. शस्त्रक्रिया टाळणे हा उपाय नव्हे. आपण डॉक्टरांना निःसंकोच विचारा की भूल कोणती देणार, आधी रक्त तपासणार का, आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे या जातीसाठीचे संशोधन केंद्र आहे, त्यामुळे आपल्या भागातल्या डॉक्टरांना ही जात नवी नाही.

हिंडलग्याची गृहिणी

माझा प्रश्न साधा आहे. आमचे डॉक्टर कन्नड भाषक आहेत, स्वभावाने उत्तम आहेत, पण मला कन्नड जेमतेम येते आणि त्यांना मराठी जेमतेम. कुत्र्याला नेमके काय होते आहे ते सांगताना माझी ओढाताण होते.

निवृत्त पशुवैद्य

वहिनी, माझी मराठी अशाच ओढाताणीतून तयार झाली आहे. भाषेविना पोहोचणाऱ्या गोष्टी बरोबर न्याव्यात. खोकला, लंगडणे, झटका यांचे मोबाईलवर चित्रण करावे. दवाखान्यात शिरताच कुत्रे घाबरून सरळ चालू लागते आणि लंगडणे दिसतच नाही. शी-लघवीचा फोटो काढावा. शांत झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजून लिहावे. तीसच्या वर असेल तर सांगावेच. ताप गुदद्वारातून मोजावा आणि आकडा लिहावा. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचे नेहमीचेच तापमान आहे, तेव्हा १०२ पाहून घाबरू नये. ओठ उचलून हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती मुळातच फिकट असेल तर तेही चित्रित करावे. औषधांची पाकिटे टाकून न देता सोबत न्यावीत. एवढे हातात असेल तर भाषेची अडचण बरीचशी संपते.

खानापूरची शिक्षिका

साप चावल्यास काय करावे, तेही सांगावे. आमच्याकडे दरवर्षी एखादे तरी कुत्रे जाते.

निवृत्त पशुवैद्य

दोरी बांधू नये, चिरू नये, उचलूनच न्यावे, चालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर माणसांसाठी असलेले प्रतिविष कुत्र्यांनाही चालते. ते कोणत्या दवाखान्यात मिळते हे आधी विचारून ठेवावे. घाटाच्या जंगलातल्या चापडा जातीच्या सापांच्या विषावर ते लागू पडत नाही, तिथे केवळ लक्षणांप्रमाणे उपचार करतात. म्हणून साप लांबून पाहिला असेल तर त्याचे वर्णन सांगावे, मारायला मात्र जाऊ नये.

इंटर्न, शिरवळ

धागाकर्त्यांच्या पुतणीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. मी बेळगाव तालुक्यातला असून महाराष्ट्रात शिकतो आहे.

हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो आणि त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. कुत्र्यांची आवड म्हणून येणाऱ्या मुलीने हे आधी जाणून घ्यावे की गाय, म्हैस, घोडा, शेळी-मेंढी, डुक्कर, कोंबडी या सगळ्यांचे शरीरशास्त्र आणि आजार शिकावे लागतात, आणि हिवाळ्याच्या पहाटे गोठ्यात खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गर्भतपासणी करावी लागते. आमच्या वर्गातल्या ज्या मुली सुरुवातीला म्हशीजवळ जायला बिचकत, त्याच आता प्रसूतीच्या वेळी पुढे असतात. लहान प्राण्यांतच राहायचे असेल तर पुढे शल्यचिकित्सा किंवा चिकित्साशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे.

कर्नाटकात बीदरला मुख्यालय असलेल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची महाविद्यालये बंगळूर, बीदर, शिमोगा, हासन, गदग अशा ठिकाणी आहेत. तिथले राज्याचे प्रवेश कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत होतात. राज्यात सात वर्षे शिकल्याची अट पूर्ण होत असेल तर मराठी माध्यमातून शिकल्याने काही अडत नाही. शेतकरी कुटुंबातल्या मुलांसाठी राखीव जागाही असतात. महाराष्ट्रात नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याची मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथे महाविद्यालये आहेत. परळचे महाविद्यालय १८८६ सालचे आहे. इथले प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, आणि देशभरातल्या महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागाही नीटवरच भरतात. त्यामुळे पुतणीने नीट तर द्यावीच, शिवाय कर्नाटकाची सीईटीही द्यावी. एकाच वर्षात दोन्ही वाटा खुल्या राहतात.

वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील व्यावसायिक प्रवेशांत स्वतंत्र तरतूद असते. त्यासाठी गावाचे नाव यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. कोणत्या अभ्यासक्रमाला आणि किती जागा, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावे. दाखल्यासाठी मार्च-एप्रिलमध्येच धावपळ सुरू करावी, कारण निकालानंतर कार्यालयांत गर्दी होते आणि अर्जाची मुदत थांबत नाही.

टिळकवाडीकर

आभारी आहे. पुतणीला हा धागा वाचायला दिला. तिने पहिला प्रश्न गर्भतपासणीच्या हातमोज्याविषयीच विचारला. कुत्रीच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडून घेणार आहे, आणि भुलीचे तिन्ही प्रश्न लिहून खिशात ठेवले आहेत.